गुरुवारची बॅटरी

निघोजे गावच्या यशवंतरावांनी बॅटरी निवडायला नऊ महिने लावले. माझ्या माहितीतला हा विक्रम आहे. मी पिंपरीतल्या एका छोट्या फर्ममध्ये नोकरी करतो. आम्ही लोकांच्या गच्चीवर सोलर बसवतो आणि ज्यांना हवी त्यांना बॅटरी देतो. बहुतेक गिऱ्हाइकं एका रविवारात निर्णय घेऊन मोकळी होतात, तोही शेजाऱ्याने काय घेतलं ते बघून. शेजाऱ्याची पाच युनिटची असेल तर आपली दहाची पाहिजे, एवढाच त्यांचा अभ्यास. यशवंतरावांनी मला अकरा खेपा मारायला लावल्या, आणि चाकणच्या ट्रॅफिकमधून परत येताना प्रत्येक वेळी मी त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या, हे आधीच सांगून टाकतो.

ओळख झाली ती शेखरमुळे. शेखर हा त्यांचा एकुलता एक मुलगा, पिंपळे गुरवला आमच्याच सोसायटीत राहतो. एकदा लिफ्टमध्ये भेटला तेव्हा म्हणाला, "श्याम, गावच्या घरावर सोलर बसवलंय, तरी दर गुरुवारी लाइट जाते. लोकांनी फसवलं का आम्हाला?"

कुणी फसवलं नव्हतं. हा प्रश्न मला आठवड्यातून चार वेळा ऐकावा लागतो. गच्चीवर सोलर आलं की घराची लाइट कधी जाणारच नाही, असं प्रत्येकाला वाटतं. पण बॅटरी नसलेलं सोलर वीज बोर्डाच्या लाइनवर अवलंबून असतं. लाइन बंद झाली की तेही स्वतःहून बंद होतं, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसेल. आणि आमच्या पट्ट्यात गुरुवार हा दिवसच वेगळा आहे. बाकीच्या जगाची सुट्टी रविवारी, आमच्या कारखान्यांची गुरुवारी. त्यामुळे बोर्डही दुरुस्तीची कामं गुरुवारीच काढतं. सकाळी नऊला लाइट गेली की पाचपर्यंत येत नाही. डोक्यावर रणरणतं ऊन, गच्चीवर चकचकीत पॅनेल आणि घरात पंखा बंद, असा तो दिवस.

बाकीच्यांचं त्यात फारसं काही बिघडत नाही. शेखरच्या घरी बिघडत होतं, कारण त्याची आई, छबूबाई, हिची फुप्फुसं दोन वर्षांपूर्वी थकली. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून नळीने नाकात सोडणारं मशीन असतं, ते तिच्या खाटेजवळ ठेवलेलं. दिवसाचे सोळा तास लावायचं असं डॉक्टरांनी बजावलेलं. मशीन विजेवर चालतं. गुरुवारी ते थांबलं की सिलिंडर लावायचा आणि काट्याकडे बघत बसायचं. शेखरने आईवडिलांना फ्लॅटवर आणून पाहिलं होतं, तिथे जनरेटर आहे म्हणून. पंधराव्या दिवशी दोघंही पिशव्या भरून परत गेली. तेव्हा आता बॅटरी.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा यशवंतराव घरात नव्हतेच. गेटजवळ पत्र्याची शेड होती, तिच्यात वाकून ग्राइंडरवर कसलासा शाफ्ट घासत होते. सत्तरीचा माणूस, अंगात कंपनीचा जुना निळा शर्ट, खिशावरचं नाव उसवून काढलेलं, तरी टाक्यांच्या खुणांवरून ते वाचता येत होतं. तेहतीस वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात मेन्टेनन्सला होते. पहाटे निघोज्याहून सायकल, मग बस, मग शिफ्ट, शिफ्टनंतर ओव्हरटाइम. मधल्या काळात घरची जमीन एमआयडीसीत गेली. भाऊबंदांनी आलेल्या पैशांत गाड्या घेतल्या, खोल्या बांधून भाड्याने दिल्या. यशवंतरावांनी घर बांधलं आणि उरलेल्या जागेत ही शेड टाकली. रिटायर झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून ते पंचक्रोशीतल्या मोटारी, पंप आणि गिरण्या दुरुस्त करत बसले आहेत. सकाळी आठ ते संध्याकाळी सात. जेवायला आत जातात ते तेवढ्यापुरतेच.

"श्यामराव," हात पुसत ते म्हणाले, "माझी एकच अट हाय. मशीन थांबता कामा न्हाई."

त्यांच्या बोलण्यात नेहमी मशीनच यायचं. आज मशीन जरा गरम वाटतंय, मशीनचा आवाज बदललाय, मशीनला काल दम लागला होता. या शेवटच्या वाक्याला मी दचकलो आणि मग कळलं की ते छबूबाईंबद्दल बोलत होते.

मला वाटलं होतं, तासाभराचं काम आहे. मशीन साडेतीनशे वॅटचं, आठ तास चालवायचं, जोडीला एक पंखा, एक ट्यूब. पाच युनिटची लिथियमची बॅटरी पुरून उरेल. जुन्या पद्धतीची पाण्याची बॅटरी त्या घरात नकोच, कारण चार्ज होताना तिचा वायू सुटतो आणि ज्या घरात माणसाला श्वासाचाच त्रास आहे तिथे तो कशाला? झालं. पण यशवंतरावांनी कंपनीत मोठी मशीन घ्यायची रीत काढली. चार कंपन्यांची कोटेशनं मागवली. एक भलामोठा कागद आखून चार रकाने पाडले. चौघांची माहितीपुस्तकं मागून घेतली, इंग्रजी शब्द अडला तर शेखरला फोन करून विचारला, आणि मग मला बोलावून माझी परीक्षा घ्यायला सुरुवात केली. किती वेळा भरली-रिकामी केली तर किती टक्के उतरते? वैशाखात खोलीचं तापमान बेचाळीस झालं तर काय? आतल्या एका सेलने दगा दिला तर बाकीचे काय करतात? इन्व्हर्टर एका कंपनीचा आणि बॅटरी दुसरीची, तर भांडण झाल्यावर जबाबदार कोण?

यातले अर्धे प्रश्न चांगले होते आणि दोनतीनची उत्तरं मलाही येत नव्हती. तेच मला जास्त झोंबलं.

दिवाळी गेली. संक्रांत गेली. दर महिन्याला कागदावर एक नवा रकाना यायचा. आणि बॅटरीही वाढत चालली. पाचाची दहा झाली. दहा युनिटची घेतली तर अख्खं घर चालेल, असं त्यांनी मांडलं. फ्रिज, टीव्ही, बोअरची मोटार आणि शेडमधला ग्राइंडर, ड्रिलसुद्धा. "गुरुवारचा अख्खा दिवस फुकट जातो हो माझा," ते म्हणाले. "लोकं पंप आणून टाकतात आन मी हात बांधून बसतो." आमच्या मालकांना दहाचा आकडा ऐकून फार आनंद झाला. मला दर वेळी घाई करायला सांगायचे.

या सगळ्यात छबूबाईंना कुणी काही विचारलं नव्हतं. मीही नाही. आमच्या फर्मचा एक फॉर्म आहे, त्यात 'लाइट गेल्यावर घरात काय काय चालू राहिलं पाहिजे' असा प्रश्न आहे आणि तो घरातल्या प्रत्येकाला विचारायचा असतो. यशवंतरावांनी तो दोघांच्या वतीने भरून दिला होता. त्या आतल्या खोलीत असायच्या, नाकात नळी, हातात काहीतरी निवडायला. मी आलो की "चहा घे रं" म्हणायच्या, एवढाच आमचा संबंध.

फाल्गुनात मी मुद्दाम गुरुवारी गेलो. लाइट नसताना घर कसं चालतं ते एकदा डोळ्यांनी बघावं आणि हे प्रकरण मिटवावं, या इराद्याने. गेट उघडंच होतं. शेडला कुलूप. इतक्या खेपांत शेडला कुलूप मी पहिल्यांदा पाहिलं.

यशवंतराव आतल्या खोलीत होते. खाटेशेजारी खुर्ची घेऊन बसलेले, एका बाजूला सिलिंडर, मांडीवर सुपात लसूण. मोठ्या बोटांनी पाकळ्या सोलत होते आणि अतिशय वाईट सोलत होते. छबूबाई त्यांनी सोललेली प्रत्येक पाकळी उचलून, राहिलेलं साल काढून, वाटीत टाकत होत्या. दोघांचा कुणाच्या तरी लग्नावरून वाद चालला होता. ते लग्न झालेलं चाळीस वर्षांपूर्वी. वरातीची बैलगाडी कुणाची होती, यावर एकमत होत नव्हतं.

"तुमी कुठं होता वरातीला? सेकंड शिफ्ट होती तुमची," छबूबाई म्हणाल्या.

"गुरुवार होता त्यो. मी होतो."

"बरं, व्हता." त्या हसल्या, मग खोकल्या, मग यशवंतरावांनी काट्याकडे पाहून सिलिंडरची चावी किंचित फिरवली. मी दारात उभा होतो, हे दोघांच्याही लक्षात यायला वेळ लागला.

थोड्या वेळाने सिलिंडरच्या जोडाशी फुसफुस आवाज येऊ लागला. वायसर गेला असणार म्हणून यशवंतराव नवा आणायला शेडकडे गेले. मला म्हणाले, "काट्यावर नजर ठेवा." मी त्यांच्या खुर्चीत बसलो.

"बाबा, एक सांगू का?" छबूबाई म्हणाल्या. दम लागत असल्यामुळे त्या थोडं थोडं बोलायच्या. "मोठी बॅटरी नगं."

"का हो काकू?"

"मोठी आली की ह्येंचं गिरमिट गुरुवारी बी चालनार." बाहेर बघून त्यांनी आवाज आणखी बारीक केला. "लगीन झाल्यापास्नं मला गुरुवारच मिळालाय बघ. कंपनीत व्हते तवा सुट्टीचा. बाकी दिवस शिफ्ट, न्हाईतर झोप. रिटायर झाले, मी म्हनलं आता रोजच घरी. तर ही शेड टाकली. लाइट जाती म्हनून तरी गुरुवारी आत येत्यात."

मी विचारलं, "तुम्ही त्यांना सांगत का नाही?"

"सांगितलं तर बसतील की. पन मंग सांगितलं म्हनून बसतील." त्यांनी एक पाकळी वाटीत टाकली. "मशीन चालू ऱ्हाऊ दे. मला काई मरायचं न्हाई इतक्यात. पन बाकीचं घर बंदच ऱ्हाऊ दे. तुला जमंल का तसं?"

जमण्यासारखं होतं. आमच्या धंद्यातलं ते सगळ्यात सोपं काम आहे. बॅटरीवर कुठल्या खोलीचे पॉइंट जोडायचे आणि कुठले नाही, हे मेन बोर्डातल्या दोन वायरींवर ठरतं. पण मला आठवतंय ते हे की, मला त्या बाईबद्दल वाईट वाटलं आणि यशवंतरावांचा राग आला. नऊ महिने रकाने भरणाऱ्या माणसाला घरातली एवढी गोष्ट दिसू नये? आणि मग, मी स्वतः फॉर्मवरचा प्रश्न तिला विचारला नव्हता, हेही आठवलं.

यशवंतराव वायसर घेऊन आले. त्यांनी जोड घट्ट केला, मग मी म्हणालो, "काका, दहाची नको. पाचाचीच घेऊ. आणि ती फक्त या खोलीला."

"आन बाकीचं घर?"

"बाकीचं घर गुरुवारी बंद. हे बघा, अख्खं घर जोडलं आणि कुणी चुकून बोअरची मोटार लावली, की चालू होतानाच्या झटक्याने इन्व्हर्टर ट्रिप मारणार. त्याच्याबरोबर हे मशीन बंद. ग्राइंडर, ड्रिल, फ्रिज, सगळ्यांनी मिळून बॅटरी खाल्ली आणि पाचला लाइट आलीच नाही, तर? महत्त्वाच्या मशीनला वाटेकरी नकोत."

यात एकही गोष्ट खोटी नव्हती. यशवंतरावांनी खिशातला कागद काढला, उलगडला, बराच वेळ पाहिला.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "आमच्या कंपनीत भट्टीला वेगळा फीडर व्हता. अख्खा प्लांट बंद पडला तरी भट्टी चालू. आयला, हे माझ्या ध्यानात कसं न्हाई आलं?" नऊ महिन्यांचं काम दहा मिनिटांत संपलं. छबूबाई लसणाची सालं गोळा करत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मालकांनी मात्र दोन दिवस माझ्याशी धड बोलणं टाकलं.

गुढीपाडव्यानंतर आमच्या भैरू वायरमनने बॅटरी भिंतीवर चढवली. यशवंतराव पूर्ण वेळ त्याच्या पाठीशी उभे राहून प्रत्येक स्क्रूबद्दल सूचना देत होते. भैरू शांत माणूस आहे, म्हणून निभावलं.

पहिल्या गुरुवारी मी बघायला गेलो. नऊला लाइट गेली, मशीनचा आवाज एका क्षणासाठीही बदलला नाही. वरचा पंखाही फिरत राहिला. बाकीचं घर तापलेलं, शेडचा पत्रा तर हात लावण्यासारखा नव्हता. यशवंतरावांनी खुर्ची, वर्तमानपत्र, चष्मा आणि दुरुस्तीला आलेलं एक टेबलफॅनचं धूड एवढा संसार छबूबाईंच्या खोलीत आणून मांडला होता.

"श्यामराव, डिझाइन बरोबर हाय, पन हाल माझे," ते तक्रारीच्या सुरात म्हणाले. "सबंध घरात एवढा एकच पंखा."

"मग बसा की हितंच," छबूबाई म्हणाल्या, "मी काय तुमच्याकडं भाडं मागत्येय?"

असे पाचसहा गुरुवार गेले. मी ते काम माझ्या डोक्यातून काढून टाकलं.

आषाढात एका गुरुवारी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे कुणीतरी नुसतंच श्वास घेत होतं. मी फोन ठेवणार, तेवढ्यात शब्द आले. "बाबा, मी छबूबाई. निघोज्याची. लाइट जाईना रं."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. माझ्या अख्ख्या नोकरीत अशी तक्रार कधी आली नव्हती. "जात नाही म्हणजे?"

"बोर्डानं गावाला नवी लाइन टाकली. गेल्या गुरुवारी गेली न्हाई. त्याच्या आदल्या बी न्हाई. आज बी न्हाई." त्या थांबल्या. त्या थांबण्यात मला मागून आवाज ऐकू आला, लोखंडावर ग्राइंडर चालत असल्याचा. अखंड, कर्कश, एकसुरी. "तुला म्हनलं इचारावं," त्या म्हणाल्या. मग त्यांना धाप लागली आणि फोन बंद झाला.

लाइट जाऊ नये म्हणून लोक माझ्याकडे येतात. त्या बाईला चांगली लाइट मिळाली होती, भरवशाची बॅटरी मिळाली होती, मशीन एक सेकंद थांबणार नव्हतं, आणि तिच्याकडचा होता नव्हता तो एक दिवस आम्ही सगळ्यांनी मिळून काढून घेतला होता. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी, कुणी बोलावलेलं नसताना, मी निघोज्याला गेलो. ही खेप त्या अकरांत धरलेली नाही. यशवंतराव शेडमध्येच होते. ग्राइंडर बंद करून त्यांनी गॉगल कपाळावर चढवला.

"काका," मी म्हणालो, "एक सांगायचं राहिलं होतं. ही बॅटरी वापरात नसली की सुस्त होते. तिची आठवड्यातून एकदा चाचणी घ्यावी लागते. गुरुवारी सकाळी नऊला मेन स्विच पाडायचा, पाचला चढवायचा. दर अर्ध्या तासाला रीडिंग लिहायचं. बॅटरी किती टक्के, मशीनचा प्रवाह किती, काकूंच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिजन मोजायच्या यंत्रावर आकडा किती. मेन पाडलेला असेल तोवर कुणीतरी मशीनशेजारी सलग बसलं पाहिजे. मधे उठून चालणार नाही."

हे मी रस्त्यात पाठ केलं होतं आणि तसंच, पाठ केल्यासारखं, म्हटलं.

यशवंतरावांनी हातातला पाना खाली ठेवला. "पुस्तकात कुठल्या पानावर हाय हे?"

त्या बॅटरीचं पुस्तक त्यांनी माझ्यापेक्षा जास्त वेळा वाचलं होतं. लिथियमच्या बॅटरीला दर आठवड्याला असली चाचणी लागत नाही, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक असणार, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"पुस्तकात नाही," मी म्हणालो. "मी सांगतोय."

मग त्यांची नजर माझ्यावरून निघून घराकडे गेली. आतल्या खोलीची खिडकी उघडी होती. मशीनची घरघर ऐकू येत होती आणि मधूनच छबूबाईंचा खोकला. ग्राइंडर चालू असताना यातलं काहीच शेडपर्यंत पोचत नसणार. यशवंतरावांनी कपाळावरचा गॉगल काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि खिळ्याला अडकवला.

"नऊला कशाला?" ते म्हणाले. "आठलाच पाडतो."